संप्रदान : आपत्तीतील मदत आणि भारतीय भाषांमधील 'घेणारा'

१. प्रास्ताविक

पूर, चक्रीवादळ आणि अवर्षण या आपत्तींचे भारतीय साहित्यातील चित्रण हा तौलनिक साहित्याभ्यासाच्या परिचयाचा विषय आहे. १९४३ च्या मन्वंतराने बंगालीत निर्माण केलेले नाट्य व कथा, उत्तर बिहारच्या नद्यांनी हिंदीला दिलेले लेखन, माणदेशातील अवर्षणाची मराठी रूपे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या अभ्यासाचा रोख मात्र बहुधा आपत्तीवर असतो. आपत्तीच्या मागोमाग येणारी मदत, म्हणजे अन्नछत्रे, खडीची कामे, नावा, पंचनामे आणि अनुदाने, ही अभ्यासकांना पार्श्वभूमी वाटते. प्रस्तुत लेखात ही पार्श्वभूमी पुढे आणून एक मर्यादित प्रश्न विचारला आहे : मदत दिली जाते तेव्हा ती घेणाऱ्या माणसाचे स्थान भाषेत आणि साहित्यात कोणते असते?

या प्रश्नासाठी भारतीय व्याकरणपरंपरेतील एक संकल्पना उपयोगी पडते. दानक्रियेत वस्तू ज्याला उद्देशून दिली जाते त्याला व्याकरणात 'संप्रदान' म्हणतात, आणि शालेय मराठी व्याकरणातही चतुर्थी विभक्तीचा मुख्य कारकार्थ म्हणून हीच संज्ञा शिकवली जाते. संस्कृत वैयाकरणांनी या कारकाचा बारकाईने विचार केला. धोब्याला कपडे दिले जातात, पण त्यांवरील स्वामित्व सोडलेले नसते. म्हणून धोबी हा खरा संप्रदान नव्हे, असे एका परंपरेचे मत आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त संप्रदानाचे तीन प्रकार सांगितले. पहिला नुसता नकार न देणारा. अर्घ्य स्वीकारणारा सूर्य हे त्याचे रूढ उदाहरण. दुसरा मागून, प्रेरणा देऊन मिळवणारा, जसा याचक. तिसरा अनुमती देऊन स्वीकारणारा. जसा गाय स्वीकारणारा गुरू.

ही त्रयी आपत्तीतील मदतीला लावून पाहिली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. मदतीच्या शासकीय भाषेने घेणाऱ्याला बहुधा पहिल्या प्रकारातच गृहीत धरले : तो नकार देणार नाही, एवढेच त्याच्याविषयी ठाऊक असणे पुरेसे मानले गेले. भारतीय भाषांतील साहित्याने आणि लोकस्मृतीने मात्र मागणारा, अनुमती देणारा आणि व्याकरणाच्या या त्रयीत न बसणारा चौथा, म्हणजे नकार देणारा, यांचीही नोंद ठेवली. मदत कोठे पोचली आणि कोठे फसली, याचे उत्तर अनेकदा या नोंदींत सापडते. म्हणून हा प्रश्न केवळ चित्रणाचा नाही. त्यावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिलेले आहे.

२. शब्दांची तपासणी

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत 'मदत' हा अरबी मुळाचा शब्द रुळलेला आहे, आणि शासनव्यवहारात त्याच्या शेजारी 'साहाय्य' बसते. हिंदी आणि गुजराती 'राहत' म्हणतात. त्यात मिळणाऱ्या स्वस्थतेवर भर आहे. बंगालीत 'त्राण' आहे. या शब्दाच्या मागे 'परित्राणा'चा धार्मिक अर्थ उभा असल्याने देणाऱ्याला नकळत तारणहाराची जागा मिळते. तमिळमधील 'निवारणम्' आणि कन्नडमधील 'परिहार' यांचे लक्ष संकट दूर करण्यावर आहे. कन्नडमध्ये 'परिहारा'त नुकसानभरपाईचाही अर्थ सामावतो. मराठी वाचकाला तो शब्द मुख्यतः 'श्रमपरिहारा'तून ओळखीचा. मल्याळममधील 'दुरिताश्वासम्' या समासात दुःखितास दिलेला आश्वास आहे, आणि वस्तूपेक्षा धीर पुढे आहे.

हे सर्व शब्द देण्याच्या क्रियेचे किंवा तिच्या फळाचे आहेत. घेणाऱ्यासाठी मराठीने कोणती नावे घडवली? 'पूरग्रस्त', 'दुष्काळग्रस्त', 'आपद्ग्रस्त' : ग्रहणातील सूर्यचंद्रांसाठी वापरले जाणारे 'ग्रस्त' हे विशेषण येथे माणसाला लागले. योजनांच्या भाषेत तोच माणूस 'लाभार्थी' होतो, म्हणजे लाभाची इच्छा करणारा. एकतर गिळला गेलेला, नाहीतर इच्छुक. कर्ता तो कोठेच नाही. वृत्तपत्रीय वाक्यरचनाही पाहण्यासारखी आहे. 'पूरग्रस्तांना मदत देण्यात आली' या वाक्यात देणारा लुप्त आहे, वस्तू संदिग्ध आहे, आणि ठळक राहतो तो केवळ 'ना' हा चतुर्थीचा प्रत्यय.

सर्वांत बोलका शब्द 'सानुग्रह अनुदान' हा आहे. कायदेशीर दायित्व मान्य न करता दिलेली रक्कम, हा त्याचा तांत्रिक अर्थ. त्यासाठी मराठी प्रशासनाने भक्तिपरंपरेतील 'अनुग्रह' निवडला. ईश्वराने किंवा गुरूने करावयाची कृपा येथे तहसील कार्यालयातून होते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मदतीची किमान मानके ठरवताना मृत्यूसंदर्भातील सानुग्रह साहाय्याचाही समावेश केला. जून २०२१ मध्ये, कोविडमुळे झालेल्या मृत्यूंच्या संदर्भात, अशा साहाय्याची शिफारस करणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे बंधनकारक कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अनुग्रह बंधनकारक झाला, की शब्द जुना राहतो आणि त्याचा आशय बदलतो. उलट दिशेचा प्रवास 'खैरात' या शब्दाने केला. मुळात सत्कृत्याशी नाते सांगणारा हा शब्द मराठीत उधळपट्टीचा आणि उपहासाचा वाचक झाला.

३. दामाजीची पावती

मदतीची मराठीतील सर्वांत प्रभावी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आहे. बहमनी राज्यातील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. बिदरच्या सुलतानाकडून शासन होण्याच्या वेळी विठ्ठल महाराच्या वेषात दरबारी गेला, धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला, अशी ही कथा आहे. महिपतीच्या 'भक्तविजया'ने ती घरोघरी पोचवली, आणि पुढे कीर्तन, नाटक व चित्रपट यांनी ती जिवंत ठेवली.

या कथेचे भक्तिपर वाचन सर्वपरिचित आहे. मदतीच्या दृष्टीने पाहता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की धान्य दामाजीचे नव्हते. स्वामित्व सुलतानाचे होते, म्हणजे वैयाकरणांच्या कसोटीवर हे दान पूर्णच होत नाही. ते पूर्ण करण्यासाठी चमत्कार लागतो, आणि चमत्कार कशाचा, तर हिशेब चुकता होण्याचा. देव येतो तो धान्य घेऊन नव्हे. तो रक्कम भरून पावती घेतो. राज्याचे धान्य उपाशी प्रजेला मिळणे ही कर्तव्याची बाब असू शकते, ही शक्यता कथेच्या चौकटीत उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की ज्यांनी धान्य नेले ते लोक कथेत नावाविना आहेत. ते येतात, कोठार रिकामे होते, आणि कथा दामाजीच्या सत्त्वपरीक्षेकडे वळते. ते सूर्यासारखे, नकार न देणारे संप्रदान आहेत. मात्र एक अपवाद कथेने आपल्या पोटात ठेवला आहे : देवाने घेतलेले रूप महाराचे आहे. गावगाड्यात ज्याला मागून खावे लागे, त्याच्याच वेषात राज्याचे देणे फेडले जाते. घेणारा आणि फेडणारा यांची ही अदलाबदल पुढील काळातील मदतीच्या इतिहासाला विसरता येत नाही.

४. छत्रातले अन्न

नकार न देता घेतलेल्या मदतीची किंमत काय असू शकते, हे १८६६ च्या ओडिशातील दुष्काळात दिसते. पुरीच्या गजपतींच्या राज्यवर्षगणनेतील नवव्या अंकात तो पडला, म्हणून ओडिया स्मृतीत त्याचे नाव 'नअंक' दुर्भिक्ष. १८६५ च्या पावसाने दगा दिल्यावर बाहेरून तांदूळ आणण्याचा निर्णय वसाहती प्रशासनाने लांबवला. तो आणण्याची वेळ आली तेव्हा पावसाळा सुरू होऊन बंदरे व वाटा बंद झाल्या होत्या. सुमारे दहा लाख माणसे, म्हणजे त्या प्रांताच्या लोकसंख्येचा अंदाजे तिसरा हिस्सा, मृत्युमुखी पडली. फकीरमोहन सेनापती यांनी आपल्या आत्मचरित्रात बालेश्वर परिसरातील या काळाचे वर्णन केले आहे.

प्रशासनाने आणि दात्यांनी उघडलेल्या अन्नछत्रांत शिजवलेले अन्न मिळत असे. ते कोणी शिजवले, कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले, हे प्रश्न उपासमारीत मागे पडले. दुष्काळ ओसरल्यावर ते पुन्हा उभे राहिले. छत्रात जेवलेल्या अनेकांना त्यांच्या जातींनी परत घेतले नाही. त्यांच्यासाठी 'छत्रखिया', म्हणजे छत्रात खाल्लेले, असे नाव पडले, आणि काही ठिकाणी त्यांचा वेगळा जातिसमूहच गणला जाऊ लागला. काही महिन्यांच्या मदतीने माणसाला पिढ्यान्‌पिढ्या चिकटणारे नाव दिले.

या एका शब्दात मदतीच्या समाजशास्त्राचा मोठा भाग सामावलेला आहे. अन्न पोचले, जीव वाचला, आणि ते अन्न कोणत्या रूपात पोचावे हे विचारले न गेल्याने वाचलेल्या जिवाचे समाजातील स्थान गेले. कोरडे धान्य की शिजवलेले अन्न, हा निर्णय देणाऱ्याच्या सोयीने झाला. त्याचा परिणाम घेणाऱ्याच्या वंशावर झाला.

५. मागणारा

यानंतर दहा वर्षांनी दख्खनमध्ये पडलेल्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दुसऱ्या प्रकारचा संप्रदान, म्हणजे मागणारा, इतिहासात ठळकपणे उतरतो. त्याची पार्श्वभूमी अशी. १८७३-७४ मध्ये बिहारात सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून उपासमारीचे मृत्यू जवळजवळ टाळले होते, आणि त्या 'उधळपट्टी'बद्दल त्यांच्यावर टीका झाली होती. दक्षिणेतील दुष्काळात त्यांच्यावर काटकसरीची कामगिरी आली. दुष्काळी कामांवरील मजुराचे रोजचे धान्य सुमारे १ पौंडावर, म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास, आणण्याचा आग्रह त्यांनी धरला. मद्रास इलाख्यातील आरोग्य अधिकारी विल्यम कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्टकरी शरीर टिकणार नाही, असे बजावले.

मुंबई इलाख्यातील मजुरांनी याला दिलेले उत्तर विलक्षण होते : १८७७ च्या आरंभी त्यांनी मोठ्या संख्येने कामे सोडली. उपाशी माणसांचा हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, ज्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या विचारांचा प्रभाव होता, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून मजुरीच्या प्रश्नावर सरकारकडे निवेदने पाठवली. त्याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांनी धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी आश्रयाची व अन्नाची व्यवस्था केली. दोन्ही कृती मदतीच्याच. एकीचे माध्यम आकडे आणि अर्ज, दुसरीचे भाकरी. मराठी गद्याच्या इतिहासात पहिल्या प्रकारच्या लेखनाला वाङ्मय मानण्याची सवय आपल्याला नाही. परंतु 'मागणारा' ज्या भाषेत प्रथम सार्वजनिकपणे बोलला, ती भाषा या निवेदनांचीच होती.

रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला, आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा प्रांतांपुढे ठेवण्यात आला. आधी चाचणीची कामे काढावीत, गर्दी वाढल्यास मोठी कामे सुरू करावीत, आणि श्रम करू न शकणाऱ्यांना विनामूल्य मदत द्यावी, अशी तिची रचना होती. काम जड आणि मजुरी अपुरी ठेवली, की खरा गरजूच येईल, हे तिचे मूळ गृहीतक. घेणाऱ्यावर अविश्वास हा तिचा पाया होता. तरीही तिच्यात लेखी नियम होते, आणि लेखी नियमाचा एक गुण असा, की तो भाषांतरित करता येतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने नेमके हेच केले. संहितेतील तरतुदी मराठीत छापून गावोगावी वाटल्या. 'केसरी'तून टिळकांनी शेतकऱ्यांना सांगितले, की सूट आणि काम मागणे ही याचना नाही. सरकारच्याच नियमांनी तो अधिकार दिलेला आहे. मूळ मजकुरात प्रशासकाला केलेली सूचना मराठीत येताच रयतेच्या हाती दावा बनली. वाचक बदलला आणि त्यासरशी त्या मजकुराचा प्रकार बदलला. भाषांतराच्या राजकीय सामर्थ्याचे याहून स्वच्छ उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत क्वचितच मिळेल. सरकारलाही ते उमगले असावे. १८९७ मध्ये सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला निवेदन करणारी संस्था म्हणून सभेला असलेली मान्यता काढून घेण्यात आली.

६. नाव न घेणे

नियम लेखी असले तरी ते लागू होण्यासाठी एक शब्द अधिकृतपणे उच्चारला जावा लागतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये तो उच्चारला गेला नाही. दुष्काळ संहितेखाली तेथे दुष्काळ जाहीरच करण्यात आला नाही. परिणामी संहितेने घालून दिलेली कामे व विनामूल्य मदत यांचे दायित्वही अंगावर आले नाही. मृतांचा अंदाज चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख दिला, आणि पुढील अभ्यासकांचे अनेक अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. धान्याची उपलब्धता आणि ते मिळवण्याची माणसाची हक्कदारी या वेगळ्या गोष्टी आहेत, हा अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त या दुष्काळाच्या अभ्यासावर उभा आहे.

कलकत्त्याच्या रस्त्यांवर आलेल्या ग्रामीण माणसांनी भात मागितला नाही. भाताची पेज, 'फ्यान', मागितली. मागणाराही किती खाली आला होता, हे या एका शब्दाने बंगाली स्मृतीत कोरून ठेवले. विजन भट्टाचार्य यांच्या 'नबान्न' या नाटकाने, जे भारतीय जननाट्य संघाने १९४४ मध्ये रंगभूमीवर आणले, हा समूह प्रेक्षकांसमोर उभा केला. माणिक बंद्योपाध्याय यांच्या एका कथेच्या शीर्षकातच प्रश्न आहे : त्यांनी हिसकावून का खाल्ले नाही? दुकानांत अन्न दिसत असताना माणसे रस्त्यावर निमूट का मेली, या प्रश्नाचे उत्तर ही कथा दैववादात न शोधता उपासमारीने खचत जाणाऱ्या शरीरात शोधते. नकार न देणारा घेणारा हा स्वभावाने तसा नसतो. भुकेने तो तसा केला जातो, हे तिचे प्रतिपादन. पहिल्या प्रकारच्या संप्रदानाकडे पाहण्याची आपली नजर ही कथा कायमची बदलते.

शब्द न उच्चारण्याची ही रीत स्वातंत्र्योत्तर काळातही टिकली. महाराष्ट्रात पिकाची आणेवारी, पुढे पैसेवारी, ५० पैशांच्या खाली आली म्हणजे सवलतींचे दार उघडे. पण कागदावर 'टंचाई', 'दुष्काळसदृश परिस्थिती' असे शब्द येत. मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात याचिकांची सुनावणी सुरू असताना, 'दुष्काळसदृश' असे जेथे म्हटले आहे तेथे 'दुष्काळ' असे वाचावे, अशा आशयाचा निर्णय राज्य शासनाला घ्यावा लागला. 'सदृश' हे उपमेचे वाचक पद आहे, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगणे नको. हजारो गावांची मदत एका उपमावाचक शब्दापाशी अडली होती. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निर्णय देताना दुष्काळ ठरवण्याच्या पद्धतीचा फेरविचार करण्यास सांगितले, आणि त्यानंतर केंद्राने पर्जन्य, पीक व आर्द्रता यांच्या निर्देशांकांवर आधारलेली नवी नियमपुस्तिका काढली.

७. नावेची सीमा : दोन कुत्री

अवर्षणातील मदत संथ असते, तर पुरातील मदत नावेतून येते. नावेत जागा थोडी असते, म्हणून कोण वाचवण्याजोगा, हा निर्णय डोळ्यांसमोर होतो. या निर्णयाच्या दोन कथा, एक मल्याळम आणि एक हिंदी, शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. योगायोगाने दोहोंच्या केंद्रस्थानी कुत्रा आहे.

तकषी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'वेळ्ळप्पोक्कत्तिल्' (पुरात) या कथेत कुट्टनाडमधील एका दलित शेतमजुराचे कुटुंब नावेतून सुटते. घाईत कुत्रा मागे राहतो. वाढत्या पाण्यात तो झोपडी राखत राहतो, चोरीला आलेल्यांवर भुंकतो, आणि अखेर मरतो. मालक त्याला शोधत परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. घेणाऱ्याने येथे मदत स्वीकारली आहे. परंतु स्वीकारण्याची किंमत त्याच्याशी बांधलेल्या जिवाने दिली आहे. नावेची सीमा कोणी ठरवली, हे कथा सांगत नाही. त्या सीमेपलीकडे काय घडले, एवढेच दाखवते.

फणीश्वरनाथ रेणू यांच्या 'ऋणजल-धनजल' या वृत्तलेखसंग्रहात १९६६ चा बिहारातील दुष्काळ आणि १९७५ चा पाटण्याचा पूर आहे. पुराच्या लेखनात रेणू आपल्या आधीच्या मदतकार्याच्या आठवणी सांगतात. १९४७ मध्ये ते बंगाली कादंबरीकार सतीनाथ भादुडी यांच्यासमवेत गंगेच्या पुरात नावेने फिरले होते. पूर्णियाच्या त्या पट्ट्यात हिंदी आणि बंगाली लेखक एकाच नावेत होते, हा तपशीलही तौलनिकांनी नोंदवावा असा आहे. पुराच्या पाण्याने पाय सडतात, त्यावरचे मलम आणि काड्यापेटी यांची गरज सर्वांत आधी असते, हे ज्ञान त्यांना या अनुभवाने दिले. १९४९ च्या महानंदेच्या पुरात आजाऱ्यांना शिबिरात नेण्यासाठी आलेल्या नावेत एक तरुण आपल्या कुत्र्यासह चढतो. डॉक्टर कुत्र्याला मनाई करतात. तरुण पाण्यात उडी टाकतो, मागोमाग कुत्राही.

हा चौथा संप्रदान आहे. देणाऱ्याची नाव, देणाऱ्याचे औषध, देणाऱ्याचा नियम या सर्वांसमोर तो नकार देतो, आणि त्या नकारातूनच आपले आप्त कोण हे ठरवतो. रेणूंची आणखी एक आठवण याच जातीची आहे. मुसहरांच्या पाण्याने वेढलेल्या वस्तीकडे मदतपथक निघाले तेव्हा दुरून ढोलाचा आवाज आला. मचाणावर 'बलवाही'चा नाच रंगला होता. हे लोक कित्येक दिवस मासे आणि उंदीर भाजून खात जगत होते. मदत घेऊन आलेल्यांना अपेक्षित असलेले दीन चेहरे तेथे नव्हते. रेणू या दृश्याने दुखावत नाहीत. मदतीची वाट पाहणाऱ्यालाही मदतीबाहेरचे एक जीवन असते, हे ते हसत मान्य करतात.

२०१८ च्या केरळमधील महापुरात मच्छिमार आपल्या होड्या घेऊन आत शिरले आणि त्यांनी हजारोंना बाहेर काढले. मोबदला देऊ करण्यात आला तेव्हा त्यांच्यातील काहींनी तो नाकारला. ज्या समाजाकडे एरवी लाभार्थी म्हणून पाहिले जाते, त्याने येथे कर्त्याची जागा घेतली, आणि नकाराचा अधिकारही बजावला.

८. हमी

मराठीत अवर्षणाला माणसाने दिलेले जुने उत्तर 'जगायला जाणे' या वाक्प्रचारात आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) शेवटी गाव ओस पडते. तेथे मदत घेऊन कोणी येत नाही, आणि कोणाची वाटही पाहिली जात नाही. बहात्तरच्या दुष्काळाने हे चित्र बदलले. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. 'सुकडी' हा शब्द त्या पिढीच्या जिभेवर कायमचा राहिला. वसाहती संहितेतील कसोटीचे काम तेच होते, पण ते मागणाऱ्यांची संघटित शक्ती वेगळी होती. मोर्चे, घेराव आणि कामाची मागणी यांनी ती काळ भरलेला होता.

त्यातून 'हमी' हा शब्द पुढे आला. वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्याच्या रूपाने मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, ही तिची रचना; तिच्यासाठीचा पैसा मुख्यतः नागरी नोकरदारांवरील व्यवसायकरातून उभा राहिला. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर घेणाऱ्याची 'मागणी' ही येथे वाक्याची पहिली क्रिया झाली. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्यामागे होता.

हमीने प्रश्न संपले नाहीत. हजेरीपटावरील खोटी नावे, थकलेली मजुरी, कंत्राटदारांचे हितसंबंध हे या इतिहासाचे दुसरे अंग. पी. साईनाथ यांच्या १९९६ च्या इंग्रजी ग्रंथाने ते देशासमोर मांडले. मराठी अनुवादाचे शीर्षक 'दुष्काळ आवडे सर्वांना' मूळ शीर्षकातील उपरोध जपते. हिंदी अनुवादाने मात्र 'तीसरी फसल' हे नाव घेतले : पलामूच्या गावकऱ्यांनी दुष्काळी मदतीला दिलेले नाव. दोन हंगामांनंतरचे हे तिसरे पीक, आणि ते कापणारे दुसरेच. एक शीर्षक निरीक्षकाचे, दुसरे घेणाऱ्याचे. अनुवादाचा विचार करताना ही निवड केवळ शैलीची मानून चालणार नाही.

९. कथा नसलेली मदत

शेवटी तिसऱ्या प्रकाराकडे, अनुमती देणाऱ्याकडे, वळले पाहिजे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात अधिकृत नोंदीनुसार सुमारे १०,००० माणसे मेली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्राचे पाणी आत शिरून सर्वाधिक हानी झाली. त्याच वर्षी राज्याने आपत्तींसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, आणि पुढील काळात किनाऱ्यावर आश्रयगृहे, गावपातळीवरील स्वयंसेवक आणि इशाऱ्यांची व्यवस्था उभी केली. ऑक्टोबर २०१३ मधील 'फायलिन'च्या आधी सुमारे १० लाख आणि मे २०१९ मधील 'फनी'च्या आधी १२ लाखांहून अधिक लोकांना हलवण्यात आले. दोन्ही वेळी राज्यातील मृतांची संख्या दोन आकडी राहिली.

आपत्तीपूर्वीच्या या मदतीचे वैशिष्ट्य असे, की ती घेणाऱ्याच्या अनुमतीखेरीज होऊच शकत नाही. आकाश निरभ्र असताना घर, गुरे आणि भांडीकुंडी सोडून निघायचे, तर सांगणाऱ्यावर विश्वास लागतो. सांगणारा ओळखीचा असावा, त्याची भाषा आपली असावी, मागे राहिलेल्याचे काय होईल याचे उत्तर त्याच्याकडे असावे. तकषींच्या शेतमजुराचा आणि रेणूंच्या तरुणाचा प्रश्न प्रत्येक दारात पुन्हा विचारला जातो. ज्या व्यवस्थेने तो ऐकून घेतला, तिने माणसे वाचवली.

अशा मदतीला मात्र कथा लाभत नाही. १८७३-७४ मध्ये बिहारात जे मृत्यू टळले त्यांचे काव्य झाले नाही. १९४३ मध्ये जे घडले त्याचे साहित्य झाले. न मेलेल्या माणसांचे आख्यान कोणत्या आकृतिबंधात सांगावे, हे भारतीय भाषांना अजून सापडलेले नाही. दामाजीची कथा सांगणे सोपे, कारण तिथे एक सत्पुरुष आहे. आश्रयगृहाची किल्ली वेळेवर मिळाली, ही घटना सांगणे अवघड.

तौलनिक अभ्यासाने या जागी दोन कामे हाती घेण्याजोगी आहेत. पंचनामा, हजेरीपट, निवेदन आणि संहितेचे भाषांतर यांना आपत्तीच्या वाङ्मयाचा भाग मानून निरनिराळ्या भाषांत एकत्र वाचणे, हे पहिले. 'छत्रखिया', 'फ्यान', 'तीसरी फसल', 'जगायला जाणे', 'सुकडी' असे घेणाऱ्यांनी घडवलेले किंवा घेणाऱ्यांवर लादलेले शब्द भाषानिहाय गोळा करणे, हे दुसरे. प्रशासनाच्या कोशात हे शब्द नाहीत. मदत कशी दिली गेली ते अहवालांत मिळते. ती कशी घेतली गेली, आणि कोणी कशासाठी नाकारली, हे या शब्दांतच शिल्लक आहे.